उपायातून उद्भवलेला अपाय : सिग्नल क्रेफिशच्या युरोपातील प्रसाराचा इतिहास

गोषवारा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील गोड्या पाण्यातील क्रेफिश या प्राण्यावर घातक मरी आली. तिच्यामुळे रिकाम्या झालेल्या जलाशयांत पुन्हा उत्पन्न सुरू व्हावे, या हेतूने स्वीडनने १९५९-६० पासून उत्तर अमेरिकेतील सिग्नल क्रेफिश आणला. मरीला न जुमानणारा म्हणून निवडलेला हा प्राणी त्याच मरीचा वाहक होता. प्रस्तुत निबंधात या निर्णयाची पार्श्वभूमी, त्याची ब्रिटनमध्ये झालेली पुनरावृत्ती, स्पेनमधील समांतर घटना आणि त्यांचे जैविक व कायदेशीर परिणाम यांचा कालानुक्रमे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : क्रेफिश, आक्रमक प्रजाती, वाहक, प्रतिस्थापन, पर्यावरणीय इतिहास.

प्रस्तावना

क्रेफिश हा गोड्या पाण्यात राहणारा कवचधारी प्राणी होय. आकाराने तो समुद्रातील शेवंडीच्या लहान आवृत्तीसारखा दिसतो. पुढच्या बाजूस दोन मोठ्या नांग्या, कठीण कवच आणि मांसल शेपूट ही त्याची ओळखीची लक्षणे. भारतीय उपखंडात क्रेफिशची एकही देशज प्रजाती नाही. त्यामुळे मराठीत त्यास स्वतंत्र नाव नाही आणि येथे 'क्रेफिश' हाच शब्द वापरला आहे. युरोपात मात्र हा प्राणी नद्या, ओढे व तलाव यांचा जुना रहिवासी आहे. प्राणिशास्त्राच्या अध्यापनातही त्याचे स्थान महत्त्वाचे राहिले. थॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८८० मध्ये प्राणिशास्त्राची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला, तो याच एका प्राण्याला केंद्रस्थानी ठेवून. ज्या काळात हा प्राणी विद्यार्थ्यांच्या हाती अभ्यासाचा नमुना म्हणून पोहोचत होता, त्याच काळात युरोपातील अनेक नद्यांमधून तो नाहीसा होऊ लागला होता.

परकी प्रजातींच्या प्रसाराकडे बहुधा अपघात म्हणून पाहिले जाते. जहाजातून चुकून आलेला प्राणी किंवा धान्यासोबत आलेले बी ही त्याची नेहमीची उदाहरणे. सिग्नल क्रेफिशचा इतिहास या चौकटीत बसत नाही. तो विचारपूर्वक, तज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि सार्वजनिक हिताच्या भावनेने आणला गेला. म्हणूनच त्याचा अभ्यास हा जीवशास्त्राइतकाच निर्णयप्रक्रियेच्या इतिहासाचाही विषय ठरतो.

युरोपीय समाजजीवनातील क्रेफिश

मध्ययुगीन युरोपात उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे. मासे व जलचर मात्र चालत. त्यामुळे मठांच्या व सरदारांच्या तळ्यांत क्रेफिश पाळण्याची प्रथा रूढ झाली. पाळण्याच्या या प्रथेबरोबरच त्याची एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात ने-आणही सुरू झाली. याचे एक लक्षणीय उदाहरण स्पेनमध्ये आढळते. तेथे ज्या क्रेफिशला पिढ्यानपिढ्या 'आपला' मानले गेले, तो १५८८ मध्ये राजा दुसरा फिलिप याने इटलीतील टस्कनीहून मागविलेल्या प्राण्यांचा वंशज असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. पुराभिलेखांतील कागदपत्रे आणि जनुकीय पुरावा यांची सांगड त्या संशोधनात घातली आहे. देशी आणि परकी यांतील सीमारेषा इतिहासाच्या साहाय्याविना आखता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

उत्तर युरोपात 'नोबल क्रेफिश' म्हणून ओळखली जाणारी 'अ‍ॅस्टॅकस अ‍ॅस्टॅकस' ही प्रजाती विशेष मोलाची होती. स्वीडनमध्ये ती प्रथम राजदरबाराच्या व उमरावांच्या ताटात आली आणि एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. शोपा घालून उकडलेले क्रेफिश ऑगस्टच्या रात्री कंदिलांच्या उजेडात, आप्तमित्रांच्या मेळाव्यात खाण्याची चाल तेथे पडली. आजही हा सोहळा स्वीडिश जीवनाचा भाग आहे. तळ्याकाठच्या शेतकऱ्यांना क्रेफिशच्या विक्रीतून रोख उत्पन्न मिळे. स्वीडन व फिनलंड येथून परदेशी बाजारपेठांतही माल जात असे. म्हणजे क्रेफिश नाहीसा होणे हे केवळ एका जलचराचे नष्ट होणे नव्हते. त्यात उपजीविका, व्यापार आणि सणाची परंपरा यांचाही प्रश्न गुंतला होता.

मरीचे आगमन व प्रसार

१८५९-६० च्या सुमारास उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात क्रेफिश मोठ्या संख्येने मरू लागले. १८७० च्या दशकात ही मरी फ्रान्स व जर्मनीतील नद्यांत दिसू लागली. तेथून ती पूर्वेकडे सरकत रशियन साम्राज्यात पोहोचली आणि १८९३ मध्ये फिनलंडमध्ये तिची नोंद झाली. मरी आलेल्या ओढ्याचे दृश्य सर्वत्र सारखेच होते. एरवी दिवसा दगडाआड लपून राहणारा निशाचर क्रेफिश भरदिवसा उघड्यावर येई, त्याच्या पायांतील समन्वय हरपे, तो पाठीवर उलटा पडे आणि थोड्याच दिवसांत मरे. काही आठवड्यांत संपूर्ण जलप्रवाह रिकामा होई.

स्वीडनमध्ये ही मरी १९०७ मध्ये आली. फिनलंडहून स्टॉकहोमला आलेल्या मालातील मेलेले व मरणोन्मुख क्रेफिश मेलारेन तलावात टाकून देण्यात आले आणि तेथून संसर्ग पसरला, असा वृत्तान्त नोंदला गेला आहे. स्टॉकहोमच्या पश्चिमेस पसरलेल्या या विस्तीर्ण तलावातून रोग नद्यांच्या वाटेने आणि माणसांच्या हातून दूरवर गेला. जाळी, पिंजरे, होड्या व जिवंत क्रेफिशचा व्यापार ही त्याची वाहने ठरली. विसाव्या शतकाच्या ओघात स्वीडनमधील नोबल क्रेफिशच्या मूळ संख्येपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाली. या नाशात मरीचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी पाण्याचे प्रदूषण व आम्लीकरण हीही कारणे होती.

कारणाचा शोध

मरीचे कारण निश्चित होण्यास दीर्घ काळ लागला. १८९८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ब्रुनो होफर यांनी एका जिवाणूस जबाबदार धरले. त्यानंतर फ्रीडरिश शिकोरा यांनी बुरशीसदृश सूक्ष्मजीवाकडे लक्ष वेधले आणि १९०६ मध्ये त्यास 'अ‍ॅफॅनोमायसिस अ‍ॅस्टासी' असे नाव दिले. तरीही मतभेद मिटले नाहीत. १९३० च्या दशकात स्वीडनमधील ओर्व्हार नीबेलिन व अन्य संशोधकांनी प्रयोगांद्वारे हाच सूक्ष्मजीव रोगकारक असल्याचे सिद्ध केले. म्हणजे इटलीतील पहिल्या प्रादुर्भावापासून कारण निःसंशय सिद्ध होईपर्यंत सुमारे पाऊण शतक गेले.

हा सूक्ष्मजीव खरी बुरशी नसून 'ऊमायसीट' या वर्गातील आहे. त्याचे चलबीजाणू पाण्यात पोहत जाऊन क्रेफिशच्या कवचाला चिकटतात आणि तंतूंच्या रूपाने आत शिरतात. क्रेफिशच्या शरीराबाहेर ते फार काळ तग धरीत नाहीत. त्यामुळे सर्व क्रेफिश मेलेल्या तलावातून रोगही कालांतराने नाहीसा होतो आणि तेथे निरोगी नोबल क्रेफिश पुन्हा सोडता येतात. स्वीडनमध्ये असे पुनर्रोपणाचे प्रयत्न झाले. परंतु शेजारच्या पाण्यात मरी चालू असे आणि संसर्ग पुनःपुन्हा परत येई. प्रयत्न आणि अपयश यांच्या या फेऱ्यातूनच पुढील निर्णयाची मानसिक पार्श्वभूमी तयार झाली.

प्रतिस्थापनाचा निर्णय

मरीने मरणाऱ्या प्राण्याच्या जागी मरीने न मरणारा प्राणी आणावा, ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. जर्मनीतील मत्स्यसंवर्धक माक्स फॉन डेम बोर्ने यांनी १८९० मध्येच अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातून काटेरी गालांच्या क्रेफिशचे सुमारे शंभर नग आणून ओडर नदीच्या खोऱ्यातील आपल्या तळ्यांत सोडले होते. तो प्रदेश आज पोलंडमध्ये आहे. ही प्रजाती टिकली व मध्य युरोपातील नद्यांतून पसरली. मात्र ती आकाराने लहान असल्याने खाद्य म्हणून तिला फारसे मोल आले नाही.

स्वीडनमधील मत्स्यशास्त्रज्ञ गुन्नार स्वेर्डसन यांच्या पुढाकाराने या कल्पनेला शास्त्रीय रूप मिळाले. त्यांचा युक्तिवाद असा होता : नोबल क्रेफिशची परिसंस्थेतील जागा रिकामी झाली आहे, ती जागा भरणारी, त्याच हवामानात जगणारी, आकाराने व चवीने तुल्य असणारी आणि मरीस तोंड देणारी प्रजाती आणल्यास निसर्गाची व मासेमारीची हानी एकाच वेळी भरून निघेल. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील 'पॅसिफास्टॅकस लेनियस्क्युलस' ही प्रजाती या निकषांना उतरली. तिच्या नांगीच्या सांध्यावर पांढुरका-निळसर ठिपका असतो. तो निशाणदाराच्या निशाणासारखा भासतो, म्हणून तिचे नाव 'सिग्नल क्रेफिश' पडले. १९५९-६० मध्ये कॅलिफोर्नियातून थोडे प्राणी प्रयोगादाखल आणले गेले. ते जगले, वाढले आणि त्यांची वीणही झाली. त्यानंतर १९६९ मध्ये लेक टाहो आदी ठिकाणांहून मोठ्या प्रमाणावर आयात झाली आणि वेटर्न या विशाल सरोवरासह अनेक जलाशयांत त्यांचे रोपण करण्यात आले. दक्षिण स्वीडनमधील सिमोंटॉर्प येथे बीजोत्पादन केंद्र उभे राहिले. तेथील पिले पुढे युरोपातील इतर देशांनाही पुरविण्यात आली.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. ज्या लेक टाहो सरोवरातून हे प्राणी आणले, तेथीलही ते मूळ रहिवासी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी माणसांनीच ते त्या सरोवरात सोडले होते. कॅलिफोर्नियात या प्रजातीच्या प्रसाराशी तेथील एका देशज क्रेफिशच्या नामशेष होण्याचा संबंध जोडला जातो. 'शास्ता क्रेफिश' ही दुसरी देशज प्रजाती १९८८ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून घोषित झाली, तीही मुख्यतः सिग्नल क्रेफिशच्या स्पर्धेमुळे. अर्थात, नव्या ठिकाणी गेल्यावर हा प्राणी कसा वागतो, याचा दाखला त्याच्या स्वतःच्या खंडातच उपलब्ध होता.

प्रतिकारशक्तीचा अर्थ

स्वीडिश योजनेतील कळीचा शब्द 'प्रतिकारशक्ती' हा होता. सिग्नल क्रेफिश मरीने मरत नाही, एवढे पुरेसे मानले गेले. तो का मरत नाही, हा प्रश्न नंतर विचारला गेला. १९६९ पासून उप्साला येथील टोर्ग्नी उनेस्टाम यांनी या विषयावर प्रयोग केले. रोगाचे तंतू सिग्नल क्रेफिशच्या कवचात शिरतात. परंतु प्राण्याची संरक्षणयंत्रणा त्यांच्याभोवती मेलॅनिन या गडद द्रव्याचे आवरण तयार करून त्यांना तेथेच जखडून ठेवते, असे दिसून आले. तंतू मरत नाहीत, केवळ अडकून पडतात. प्राणी अशक्त झाला, जखमी झाला किंवा त्याने कात टाकली की त्यांतून पुन्हा चलबीजाणू बाहेर पडतात. युरोपीय क्रेफिशच्या शरीरात हीच यंत्रणा इतक्या तत्परतेने काम करीत नाही आणि तंतू आत पसरून प्राण्याचा जीव घेतात.

यजमान आणि रोगकारक यांच्यातील असा समतोल दीर्घकाळच्या सहवासातूनच घडू शकतो. त्यावरून उनेस्टाम यांनी १९७२ मध्ये रोगाचे मूळ उत्तर अमेरिकेत असल्याचे प्रतिपादन केले. या निष्कर्षाचा अर्थ गंभीर होता. ज्या गुणासाठी सिग्नल क्रेफिश निवडला गेला, तो गुणच तो रोगवाहक असल्याची खूण होती. मरी थांबविण्यासाठी आणलेला प्राणी मरीचे कायमचे आगर ठरणार होता. पूर्वी तलावातील क्रेफिश संपले की रोगही संपे. आता वाहक जिवंत राहणार असल्याने रोगही तेथे टिकून राहणार होता. नोबल क्रेफिशच्या पुनर्रोपणाचा मार्ग अशा जलाशयांत बंद झाला.

पुढे १९९४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी रोगकारकाच्या विविध वाणांची जनुकीय तुलना केली. सिग्नल क्रेफिश येण्यापूर्वीच्या मरीतून मिळालेले वाण एका गटात पडले. त्याच्या आगमनानंतरच्या प्रादुर्भावांतील वाण मात्र सिग्नल क्रेफिशच्या अंगावर आढळणाऱ्या वाणाशी जुळले. जुनी मरी कशी आली, हा वेगळा विषय. परंतु नव्या मरीचा स्रोत कोणता, याचा उलगडा या तुलनेने केला.

स्वेर्डसन व त्यांचे सहकारी यांच्यावर आज दोषारोप करणे सोपे आहे. परंतु १९५९ मध्ये रोगाचे अमेरिकन मूळ सिद्ध झालेले नव्हते आणि वाहकाची संकल्पना या प्राण्याच्या बाबतीत तपासली गेलेली नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. खरा प्रश्न १९७२ नंतरचा आहे.

ब्रिटनमधील पुनरावृत्ती

ब्रिटनमध्ये 'पांढऱ्या नांगीचा क्रेफिश' ही एकमेव देशज प्रजाती होती आणि विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत तेथे मरी आलेली नव्हती. म्हणजे स्वीडनप्रमाणे रिकामी जागा भरून काढण्याची गरज ब्रिटनला नव्हती. तरीही १९७६ मध्ये सिग्नल क्रेफिशची पिले स्वीडनमधून तेथे आणण्यात आली. हेतू निव्वळ आर्थिक होता. शेतकऱ्यांना जोडधंदा मिळावा, उपाहारगृहांना माल मिळावा व निर्यात व्हावी, या विचाराने शासकीय कृषी खात्याचे या उद्योगास प्रोत्साहन लाभले. उनेस्टाम यांचा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

क्रेफिश तळ्याच्या बांधात थांबणारा प्राणी नाही. ओल्या गवतातून तो जमिनीवरून चालत जातो, बिळे करतो आणि पूर आला की ओढ्यात उतरतो. अनेक तळ्यांतून तो निसटला. काही ठिकाणी तो मुद्दाम सोडला गेला. १९८१ मध्ये लंडनच्या उत्तरेकडील ली नदीत क्रेफिशच्या सामूहिक मृत्यूची घटना घडली आणि मरी ब्रिटनमध्ये आल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर दक्षिण इंग्लंडमधील नद्यांमधून पांढऱ्या नांगीचा क्रेफिश झपाट्याने नाहीसा झाला. १९८६ मध्ये त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९२ मध्ये सिग्नल क्रेफिश निसर्गात सोडणे कायद्याने निषिद्ध यादीत आले आणि १९९६ च्या आदेशाने जिवंत क्रेफिश बाळगण्यावर निर्बंध घातले गेले. आयातीपासून या आदेशापर्यंत वीस वर्षे लोटली होती. १९९५ मध्ये हा प्राणी स्कॉटलंडमध्येही आढळला. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

आयर्लंडचा अनुभव यास पूरक आहे. तेथे व्यापारासाठी अमेरिकन क्रेफिशचे संवर्धन झाले नाही. तरीही १९८७ मध्ये एका तलावात मरीची शंका घेण्यात आली आणि २०१५ पासून अनेक नद्यांत ती निश्चितपणे आढळली. ओली जाळी, बूट व होड्या यांतून चलबीजाणू प्रवास करतात. त्यामुळे वाहक प्राण्यास बंदी घातली तरी रोगास सीमा राहत नाही.

स्पेन : दुसरा प्राणी, तोच विचार

स्पेनमध्ये याच काळात अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील 'लाल दलदली क्रेफिश' आणण्यात आला. १९७३ मध्ये बादाहोस प्रांतात आणि १९७४ मध्ये सेव्हिलजवळील ग्वादाल्किव्हिर नदीच्या पाणथळ प्रदेशात तो सोडला गेला. भातशेतीच्या या दरिद्री प्रदेशात नवा उद्योग उभा राहावा, हा उद्देश होता. आणि तो सफल झाला. इस्ला मायोर हे गाव क्रेफिश प्रक्रियेचे केंद्र बनले व तेथील माल परदेशी जाऊ लागला. स्वीडनच्या ऑगस्टमधील मेजवान्यांनाही परदेशी मालाची गरज होती. तुर्कस्तान हा त्या बाजाराचा मोठा पुरवठादार होता. तेथे १९८४ मध्ये मरी पोहोचली आणि हजारो टनांचे उत्पादन अल्पावधीत कोसळले.

लाल क्रेफिशनेही मरीचे जंतू सोबत आणले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्पेनच्या अंतर्भागातील जुना क्रेफिश झपाट्याने नष्ट होत गेला. भातखाचरांचे बांध बिळांनी पोखरले गेले. दोन्याना राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळ भागातील जलवनस्पती, गोगलगाई व उभयचर यांच्यावर त्याचा विपरीत परिणाम झाला. दुसऱ्या बाजूस ऊदमांजरे, करकोचे, बगळे यांना तो मुबलक भक्ष्य म्हणून लाभला. अशा रीतीने आक्रमक प्राणी परिसंस्थेत व अर्थव्यवस्थेत एकाच वेळी रुजला. मार्च २०१६ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्राण्याच्या व्यापारी उपयोगास मुभा देणारी तरतूद रद्द केली. त्याविरुद्ध पाणथळ प्रदेशातील जनतेने आवाज उठविला आणि २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून जेथे तो आधीच पसरला आहे तेथे त्याच्या मासेमारीस वाट मोकळी करण्यात आली. ज्या प्राण्यावर गावाचे पोट चालते त्यास केवळ शत्रू म्हणणे कोणत्याही शासनास कठीण जाते, हे या प्रकरणातून दिसते.

परिसंस्थेवरील परिणाम

मरी हा सिग्नल क्रेफिशचा एकच परिणाम नव्हे. रोग नसलेल्या पाण्यातही तो देशज क्रेफिशला हटवितो. तो अधिक आक्रमक असतो, वेगाने वाढतो आणि त्याची मादी एका विणीत साधारण २०० ते ४०० अंडी देते. त्याच्या आहारात जलवनस्पती, कीटकांच्या अळ्या, गोगलगाई, माशांची अंडी व लहान मासे हे सर्व येते. त्यामुळे ओढ्याच्या तळाशी असलेल्या जीवसृष्टीची विविधता घटते आणि तळाशी राहणाऱ्या लहान माशांना आसरा मिळेनासा होतो. नदीकाठांत तो दाट बिळे करतो. भुसभुशीत झालेला काठ पुराच्या वेळी ढासळतो, गाळ वाढतो आणि पाणी गढूळ होते. माशांच्या विणीसाठी आवश्यक असलेले वाळू-गोट्यांचे थर या गाळाने भरून जातात.

देशज क्रेफिशही मिश्राहारी आहे. म्हणून एकाच्या जागी दुसरा आल्याने फारसा फरक पडणार नाही, असे गृहीत धरले गेले होते. परंतु संख्येची घनता, भूक व बिळे करण्याची सवय यांतील अंतराने हे गृहीतक खोटे ठरविले. विशेष म्हणजे ज्या उत्पन्नासाठी हा खटाटोप झाला, तेही सर्वत्र टिकले नाही. वेटर्न सरोवरात सिग्नल क्रेफिशची मासेमारी महत्त्वाची ठरली. अन्य अनेक स्वीडिश तलावांत मात्र आरंभीच्या भरभराटीनंतर त्याची संख्या अचानक कोसळली.

नियंत्रण आणि कायदा

सिग्नल क्रेफिशचे उच्चाटन करण्याचे अनेक मार्ग योजले गेले. पिंजरे लावून पकडणे हा सर्वांत परिचित मार्ग. परंतु पिंजऱ्यात प्रामुख्याने मोठे प्राणी, त्यातही नर अधिक सापडतात. मोठे प्राणी लहानांना खात असल्याने त्यांना काढून टाकल्यावर लहानांची संख्या वाढण्याचाही संभव असतो. शिवाय पिंजरे एका नदीतून दुसरीत नेताना रोग व प्राणी दोन्ही पसरण्याचा धोका असतो. बंदिस्त तळ्यांत कीटकनाशक द्रव्य वापरून नॉर्वे व स्कॉटलंड येथे काही यश मिळाले. वाहत्या नदीत हा उपाय करता येत नाही, कारण त्यात इतर जीवसृष्टीचाही बळी जातो.

म्हणून ब्रिटनमध्ये संरक्षणाची दिशा बदलली. जुन्या दगडखाणींतील तळी व सुटे, वरच्या भागातील ओढे यांत पांढऱ्या नांगीचे क्रेफिश नेऊन सुरक्षित ठेवण्याची 'आश्रयस्थाने' निर्माण करण्यात आली. जो प्राणी पूर्वी साध्या ओढ्यात मुलांच्या हाती लागे, तो आता पाळत ठेवलेल्या तळ्यांत जपावा लागतो.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये आक्रमक परकी प्रजातींविषयी नियम केला. २०१६ मध्ये त्याखालील ३७ प्रजातींची पहिली यादी जाहीर झाली. तीत क्रेफिशचे पाच प्रकार होते. त्यांत सिग्नल क्रेफिश, लाल दलदली क्रेफिश आणि १८९० मध्ये आणलेली काटेरी गालांची प्रजाती यांचा समावेश होता. ज्यास शासनसंस्थांनी स्वखर्चाने आणले, वाढविले व वाटले, त्याची आयात, विक्री, पैदास व निसर्गात सोडणे यांवर बंदी आली. परंतु या काळात सिग्नल क्रेफिश पंचवीसहून अधिक युरोपीय देशांत पोहोचला होता. स्वीडनला दक्षिण भागातील विद्यमान मासेमारी चालू ठेवण्यासाठी व्यवस्थापनाचे विशेष नियम करावे लागले. नोबल क्रेफिश असलेल्या पाण्यात चोरून सिग्नल क्रेफिश सोडण्याचे प्रकार हा तेथील संवर्धनापुढील मोठा अडथळा राहिला. तलावाच्या मालकास झटपट उत्पन्नाची आशा असते. परंतु एका बादलीतून सोडलेले प्राणी संपूर्ण पाणलोटातील देशज वंश संपवू शकतात.

निष्कर्ष

१) सिग्नल क्रेफिशचा युरोपातील प्रसार हा मुख्यतः अपघात नसून धोरणाचा परिणाम होता. त्यामागे बाजारपेठेची मागणी, ग्रामीण उत्पन्नाची चिंता आणि नष्ट झालेली परंपरा सावरण्याची इच्छा ही कारणे एकत्र आली होती.

२) 'हा प्राणी जगेल काय?' हा प्रश्न आयातीपूर्वी विचारला गेला. 'तो कशामुळे जगतो?' हा प्रश्न आयातीनंतर विचारला गेला. प्रश्नांच्या या क्रमातच आपत्तीचे बीज होते.

३) स्वीडनचा पहिला निर्णय अपुऱ्या ज्ञानातून झाला. ब्रिटनचा १९७६ चा निर्णय मात्र ज्ञान उपलब्ध असताना झाला. विज्ञानाने निष्कर्ष काढणे आणि शासनाने तो ऐकणे या दोन भिन्न घटना आहेत, हे या तुलनेतून सिद्ध होते.

४) रिकामी झालेली जैविक जागा तत्सम प्रजातीने भरता येते, हे गृहीतक या प्रकरणात टिकले नाही. बाह्य साम्य असूनही वर्तन, पुनरुत्पादन व रोगसंबंध यांतील भेद निर्णायक ठरले.

५) आक्रमक प्रजाती एकदा अर्थव्यवस्थेत रुजली की तिचे उच्चाटन हा जैविक प्रश्न राहत नाही, तो सामाजिक व राजकीय प्रश्न बनतो. स्वीडन व स्पेन ही त्याची ठळक उदाहरणे होत.

समारोप

१९०७ मध्ये मेलारेन तलावात टाकलेल्या मृत क्रेफिशनी एका देशाचे पाणी दूषित केले, ते कृत्य निष्काळजीपणाचे होते. १९६९ मध्ये वेटर्न सरोवरात सोडलेले जिवंत क्रेफिश काळजीपूर्वक निवडलेले होते. परिणामाच्या दृष्टीने पाहता दुसरे कृत्य पहिल्याहून अधिक चिरस्थायी ठरले. कारण पहिल्यातील रोग यजमानाबरोबर मरत होता, दुसऱ्यातील रोगास कायमचे घर मिळाले. हानी भरून काढण्याची घाई हानीइतकीच महाग पडू शकते, हा या इतिहासाचा बोध आहे. ज्या थोड्या स्वीडिश तलावांत नोबल क्रेफिश आजही शिल्लक आहे, तेथे त्याचे रक्षण परकी प्राण्याच्या साहाय्याने नव्हे, तर त्यास दूर ठेवून आणि जाळी व होड्या वाळवूनच करावे लागते. सहा दशकांपूर्वी हा मार्ग संथ वाटला म्हणून सोडून देण्यात आला होता. आता उरलेल्या जलाशयांसाठी तोच एक मार्ग शिल्लक आहे.